टाचेपलीकडचा अकिलीस

कर्णाची कवचकुंडले आणि अकिलीसची टाच यांची सांगड आपण वर्गात सहज घालतो. वस्तुतः होमरच्या ‘इलियड’मध्ये त्या मर्मस्थानाचा मागमूस नाही, ती कथा उत्तरकालीन आहे. इ. स. पू. ५०० च्या सुमारास सोसिअस या कुंभकाराने घडविलेला, आज बर्लिनमध्ये असलेला चषक पाहावा. त्यावर अकिलीस पॅट्रोक्लसच्या दंडाची जखम बांधतो आहे आणि पॅट्रोक्लसने वेदनेने मान फिरविली आहे. येथे वेदनेमुळे वीरत्व उणे होत नाही. ‘मृत्युंजय’ (१९६७) मात्र कर्णाच्या जखमांचे अलंकार करते. असा नायक दिपवितो, सोबत करीत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगावी, हा भेद निव्वळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. जखम झाकणे म्हणजे शौर्य, ही शिकवण निदान समीक्षेने तरी देऊ नये.