शिकवते कोण? खोके की खेळ?

‘शैक्षणिक’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. प्लॅस्टिकच्या रंगीत खोक्यावर तो एकदा छापला की आतल्या वस्तूची किंमत वाढते आणि ती विकत घेणाऱ्या आई-वडिलांच्या मनावरचे ओझे उतरते. बटण दाबले की इंग्रजी मुळाक्षरे म्हणणारे खेळणे ‘शैक्षणिक’. दुसरे बटण दाबले की इंग्रजी अंक म्हणणारेही ‘शैक्षणिक’. मूल यातून नेमके काय शिकते, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. शेजारच्या मुलापेक्षा आपले मूल मागे पडेल, ही मध्यमवर्गीय घराची धास्ती हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे.

या बाजाराविषयी स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या घरांतूनही एक ठळक चूक होत आहे. चिनी खेळणे नको, एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत झालेली दिसते. खोक्यावरील देशाचे नाव पाहणे आवश्यकच आहे. पण ती स्वदेशीची पहिली पायरी झाली. खेळण्यातून मुलाच्या हाताला काम मिळते का, त्याच्या भाषेला आणि भोवतालाला जागा मिळते का आणि त्याच्या खरेदीतून आपल्याच गावातील एखाद्या कुटुंबाची चूल पेटते का, हे तीन प्रश्न त्यानंतर येतात. त्यांची उत्तरे दिल्लीत ठरत नाहीत. ती गावातील दुकानाच्या फळीपाशी ठरतात.

जऊळक्याचे दुकान

उदाहरणासाठी पुण्या-मुंबईला जाण्याचे कारण नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका घ्या. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील हे गाव. २००८ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. जग जवळ आले, असे म्हणतात ते असे. परंतु जवळ आलेले जग गावात येताना काय घेऊन येते आणि गावातून काय घेऊन जाते, याचा हिशेब मांडला पाहिजे.

अशा गावात खेळण्यांचे स्वतंत्र दुकान बहुधा नसते. वह्या, कंपासपेट्या, राख्या, पतंगाचा मांजा आणि शाळेचे गाईड विकणारे जनरल स्टोअर्स हेच मुलांचे दुकान. छताला टांगलेल्या पिशव्यांत चेंडू, भोवरे, ठोकळे आणि लुडोचा पट असतो. माल मोठ्या गावाच्या ठोक बाजारातून येतो. मागणी बेताची, म्हणून माल बेताचा. माल बेताचा, म्हणून गिऱ्हाईक बेताचे. या चक्रात सापडलेला दुकानदार वऱ्हाडीत आपले गाऱ्हाणे सांगतो ते असे : ‘‘भाऊ, गिऱ्हाईक मोबाइलवर फोटू दाखवते अन् म्हन्ते, असं पायजे. मी आनतो म्हनलं त म्हन्ते, राहू द्या, घरपोच येते.’’

घरपोच येते, हे खरे. पण त्याबरोबर आणखी काय येते? मोठ्या खोक्यात लहान वस्तू येते, चित्रात लाकडी दिसलेले हातात प्लॅस्टिकचे निघते आणि तक्रार करावी तर समोर माणूस नसतो. गावातला दुकानदार खेळण्यात सेल घालून, वाजवून, फिरवून दाखवतो आणि मगच पैसे घेतो. दुसऱ्या दिवशी चाक निखळले तर त्याला तोंड दाखवावे लागते. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला आपण त्याच्याकडे जातो, शाळेच्या स्नेहसंमेलनाची बक्षिसे त्याच्याकडून उधारीवर आणतो आणि पैसे रोख द्यायची वेळ आली की शेकडो कोसांवरच्या गोदामाला देतो. याला स्वदेशी कसे म्हणायचे?

वाशीमचे नाव केंद्र सरकारच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. विकासाची आकांक्षा धरणाऱ्या जिल्ह्यात गावचा रुपया गावात दोनदा तरी फिरला पाहिजे. तो पहिल्याच दिवशी जिल्ह्याबाहेर गेला तर सरकारच्या योजना कितीही आल्या तरी कोरड्या ओढ्यात पाणी ओतल्यासारखेच होईल.

कायदा बदलला, मन बदलले का?

२००७ मध्ये एका जगप्रसिद्ध अमेरिकी कंपनीला चीनमध्ये बनवलेली सुमारे २ कोटी खेळणी बाजारातून परत बोलवावी लागली. काहींच्या रंगात शिसे होते, तर बहुतेकांतील लहान लोहचुंबक सुटून मुलांच्या पोटात जाण्याचा धोका होता. जानेवारी २००९ मध्ये भारताने चिनी खेळण्यांच्या आयातीवर ६ महिन्यांची बंदी घातली; पण मार्चमध्येच ती सैल करून प्रमाणपत्र असलेल्या मालाला वाट करून दिली. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे आपल्या बाजारपेठा त्याच मालाने भरल्या.

हे चित्र पुढे पालटले, हे मान्य केलेच पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले. २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. ही कामगिरी लहान नाही.

पण आता पुढचा प्रश्न. परदेशी साच्यातील प्लॅस्टिकचे खेळणे नोएडात किंवा भिवंडीत ओतले, म्हणजे ते स्वदेशी झाले का? त्यातून बाहेर पडणारा आवाज ‘ए फॉर ॲपल’ असाच येतो. जऊळक्याच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन आणि ज्वारी पिकते. तिथल्या मुलाच्या घरात वऱ्हाडी बोलली जाते, तांड्यावरच्या मुलाच्या घरात गोरमाटी. चित्रे जुळवण्याच्या खेळात मात्र त्याला भेटतो तो पेंग्विन आणि बर्फाचे घर. पेंग्विनाशी आपले वैर नाही. परंतु तुरीची शेंग, बैलाचा खांदा आणि पाभर ओळखण्यापूर्वी मुलाने पेंग्विन ओळखावा, हा क्रम ठरवला कोणी? ज्याने साचा बनवला त्याने! माल देशी आणि मन परदेशी, अशी ही अर्धवट स्वदेशी आहे.

कोसबाडच्या टेकडीवर दिलेले उत्तर

‘मग करायचे काय? आधुनिक बालशिक्षण तर तिकडूनच आले,’ असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास चाळावा. मारिया माँटेसोरी यांची पद्धत या देशात रुजवण्याचे मोठे काम गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पद्धत उत्तम होती. पण तिची साधने महाग होती आणि ती शहरी, सुखवस्तू मुलांपलीकडे जात नव्हती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडला वारली मुलांमध्ये काम उभारले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. तेथे शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने, फुले, माती हीच साधने झाली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या महाराष्ट्रीय प्रयोगाची देणगी आहे.

ताराबाईंनी विदेशी म्हणून विचार नाकारला नाही आणि विदेशी म्हणून सामान डोक्यावरही घेतले नाही. विचार पारखून घेतला, साधन आपल्या मातीतून घडवले. स्वदेशीची यापेक्षा नेमकी व्याख्या कोणती?

दुसरे उदाहरण अरविंद गुप्ता यांचे. १९७५ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या या अभियंत्याने काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार उभे केले. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या नळीला काही रुपये पडतात तिच्यातून त्रिकोण का ढळत नाही आणि चौकोन का ढळतो, हे मूल स्वतःच्या बोटांनी शोधते. शेकडो रुपयांचे बोलके खेळणे हे शिकवू शकते का?

आपल्या परंपरेतील खेळांचीही हीच गोष्ट. आपला पचिशीचा खेळ इंग्लंडमध्ये गेला, १८९६ मध्ये ‘लुडो’ या नावाने त्याचे पेटंट झाले आणि तो परत आपल्यालाच विकला गेला. ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी परंपरेने जोडला जाणारा मोक्षपट ‘सापशिडी’ होऊन आला; येताना सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप यांचा अर्थ मात्र पुसट झाला. वऱ्हाडात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून आतली खिरापत कोणती ते ओळखायला लावतात. आवाज ऐकायचा, वजनाचा अंदाज घ्यायचा, शक्यता एकेक करून वगळायच्या, हे तर्कशास्त्रच झाले. सागरगोट्यांत हात आणि डोळा यांचा मेळ आहे, विटीदांडूत अंतराचा अंदाज आहे, चिंचोक्यांच्या खेळात गणित आहे. यांच्यापैकी कशावरही ‘शैक्षणिक’ हा शिक्का नाही, म्हणून ते शिकवत नाहीत काय?

स्थानिक म्हणजे आपोआप चांगले नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावच्या दुकानातले सर्व काही घ्यावे, असा याचा अर्थ नाही. मानक चिन्ह नसलेला, रंग उडणारा, टोकदार कडांचा कारखानी माल गावच्या दुकानदाराने ठेवला असेल, तर तो त्यालाच परत करावा आणि कारणही सांगावे. ‘आपला माणूस’ म्हणून मुलाच्या तोंडात विषारी रंग घालणे ही आपुलकी नव्हे. दुकानदारानेही केवळ स्वस्त तेवढे आणून ‘गिऱ्हाईक येत नाही’ अशी ओरड करू नये. खोका उघडून दाखवणे, वापर समजावून देणे, मागितलेले आठवडाभरात आणून देणे, ही त्याची ताकद आहे. ती त्याने वापरली पाहिजे.

किमतीचा मुद्दाही टाळून चालणार नाही. फोनवर दहा-वीस रुपये स्वस्त मिळते, हे अनेकदा खरे असते. पण चार दिवसांत कपाटावर जाऊन पडणारे खेळणे स्वस्तात पडले असे कसे म्हणावे? मुलाने वर्षभर शंभर प्रकारांनी वापरलेला साध्या ठोकळ्यांचा संच महाग कसा? खेळणे जितके स्वतः बोलते, नाचते, चमकते, तितके मूल नुसते बघत राहते. खेळणे जितके मुके, तितके मूल बोलते. खरेदीची ही एकच कसोटी लक्षात ठेवली तरी निम्मी खोकी दुकानातच राहतील.

कार्यकर्त्यांसाठी काम

वाद घालून प्रश्न सुटत नाही. काम करावे लागते. ते फार मोठेही नाही.

पहिले, मुलाच्या वाढदिवसाची आणि शाळेच्या बक्षिसांची खरेदी गावातूनच करावी. हवी ती वस्तू नसेल तर दुकानदाराला नाव सांगून मागवून घ्यावी. एका गावातील वीस घरांनी लाकडी ठोकळे, मराठी अक्षरांचे संच, पचिशीचा पट मागितला, तर पुढच्या महिन्यात तो माल फळीवर दिसेल. मागणीवाचून कोणताही दुकानदार माल भरत नाही.

दुसरे, गावच्या सुताराकडे पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांचे लाकडी नंदीबैल सजवून नेतात. तो बैल घडवणारा हात पांगुळगाडा, भोवरा, ठोकळेही घडवू शकतो. मानक चिन्हाच्या सक्तीतून केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. पण नोंदणी कशी करायची, हे गावच्या सुताराला कोण सांगणार? अर्ज भरून देणारा सुशिक्षित कार्यकर्ता शेजारी असताना कारागीर केवळ कागदावाचून मागे राहत असेल, तर ते अपयश कार्यकर्त्याचे आहे. सुरक्षित रंग वापरण्याची शिस्तही त्याच भेटीत सांगता येईल.

तिसरे, शाळा आणि अंगणवाडी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० खेळातून शिक्षणाचा आग्रह धरते. ३ ते ८ वयोगटासाठी एनसीईआरटीने २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आणला. दिल्लीचा पेटारा येईल तेव्हा येईल. जऊळक्याचा पेटारा जऊळक्यातच भरता येईल : चिंचोके, सागरगोटे, तुरीच्या व ज्वारीच्या बिया, सुताराचे ठोकळे, आणि कपड्यांच्या चिंध्यांची आजीने शिवलेली बाहुली.

आणि चौथे, सर्वांत अवघड. मुलाबरोबर बसावे. बोलक्या खेळण्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक मूल नसते. ज्याला मुलाबरोबर बसायला वेळ नाही असा बाप असतो. पचिशीचा पट जमिनीवर अंथरून आजोबा, आई आणि दोन मुले तासभर बसली, तर त्या घरात मोजणे, वाट पाहणे, हरणे आणि हसणे या चारही गोष्टी शिकवल्या जातात. संस्कारवर्गाची वर्गणी भरून ही जागा भरून येत नाही.

चीनचा माल सरकार सीमेवर अडवू शकते. मुलाच्या हातातील रिकामेपण मात्र कोणतेही आयात शुल्क अडवू शकत नाही. ते भरायचे सामान गावच्या दुकानात, सुताराच्या पडवीत आणि आपल्या अंगणात आहे. ते मागायला जाणारे पाय आपल्या घरातून निघाले पाहिजेत.