माप बदलताना

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीकरांना वरणगाव काही परकं नाही. आपल्याच खानदेशात, भुसावळजवळ, १९६४ पासून तिथे काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. अमेरिकेत मात्र हौशी पिस्तूल नेमबाज घरच्या प्रेसवर रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात. दांडा ओढला की एका टप्प्यावर ठिणगी देणारी जुनी टोपी निघते, पुढे दारू पडते, मग गोळी बसते. खरी कसोटी माप बदलताना लागते. ९ मिमीवरून .४५ वर जायचं तर पुंगळीला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, बदला, पुंगळ्या धरणारी चकती बदला, दारूचं माप नव्याने लावून तोलून बघा. आधीच्या मापाची एक पुंगळी किंवा दारूचा एक दाणाही मागे राहता कामा नये. या सफाईत घाई करणाऱ्याने प्रेसला हातच लावू नये, कारण चूक कळते ती मुठीतलं पिस्तूल फुटल्यावर. सगळीच काडतुसं मात्र अशी पुन्हा भरता येत नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारातली .२२ ची काडतुसं एकदाच वापरायची, कारण त्यांचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. शेतात जुनं काडतूस सापडलं तर हात लावू नका, पोलीस ठाण्याला कळवा.