गुडघ्याआधी भीतीवर उपचार हवेत

शेवगाव-पाथर्डीकडच्या साठी ओलांडलेल्या आजी गुडघे दाखवायला नगरला येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला एक्स-रे असतो, दुखण्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असतात आणि मनात शेजारणीची गोष्ट असते. ‘अमकीचा गुडघा बदलला, पण ती पुन्हा घराबाहेर पडलीच नाही.’ डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतात. गोळ्यांची चौकशीही होते. शेजारणीच्या गोष्टीला मात्र कुणी हात लावत नाही, आणि ऑपरेशनची तारीख नेमकी त्या गोष्टीमुळे दिवाळीनंतर, मग ऊस गेल्यावर, मग नातीच्या लग्नानंतर अशी पुढे सरकत राहते. तोवर पाय धनुष्यासारखा वाकतो, मांडीचे स्नायू वाळतात आणि जे ऑपरेशन सोपे झाले असते ते अवघड होऊन बसते.

या भीतीला ‘अडाणीपणा’ म्हणून उडवून लावण्याची सवय दवाखान्यांना आहे. ती सोडायला हवी, कारण भीती ही इथे नुसती मनाची गोष्ट राहत नाही. ऑपरेशनच्या आधी ज्यांच्या मनात दुखण्याविषयी फार टोकाचे विचार घोळत असतात, त्यांना ऑपरेशननंतरही दुखणे जास्त काळ छळते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. घाबरलेला माणूस पाय हलवत नाही. न हललेला गुडघा आखडतो, आखडलेला जास्त दुखतो, आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

निम्मी भीती तर शब्दातच आहे. ‘गुडघा बदलणे’ म्हटले की मोटारीचा सुटा भाग काढून दुसरा बसवावा तसा अख्खा गुडघा कापून काढतात, असे डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नळीच्या हाडाचे वरचे टोक यांचा झिजलेला थर काढतात, साधारण आठ-दहा मिलिमीटरचा. त्यावर धातूचे आवरण बसते आणि दोन धातूंच्या मध्ये टणक प्लास्टिकची गादी. बाजूचे बंध, स्नायू, कातडी, वाटी हे सगळे ज्याचे त्याचेच राहते. किडलेल्या दाढेवर टोपी बसवतात, त्याच्या जवळ जाणारा हा प्रकार आहे. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. एखादे प्लास्टिकचे मॉडेल रुग्णाच्या हातात दिले तर एकच मिनिट.

मग येतो टेबलाचा प्रश्न. ‘मधेच जाग आली तर?’ बहुतेक ठिकाणी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागा असू शकतो. दुखत नाही, पण आवाज ऐकू येतात, आणि ते आवाज सुताराच्या दुकानातले वाटतात. हे आधी सांगितले नाही तर ठोकाठोकी ऐकून माणूस घाबरणारच. गुंगीचे औषध मागता येते, कानात भजने लावता येतात. भूलतज्ज्ञाशी आदल्या दिवशी पाच मिनिटे बोलणे हा रुग्णाचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. जिवाच्या धोक्याबद्दलही आकड्यात बोलावे. इंग्लंड-वेल्समधल्या साडेचार लाखांहून अधिक गुडघ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ऑपरेशननंतरच्या ४५ दिवसांतल्या मृत्यूचे प्रमाण २००३ मध्ये हजारी चाराच्या आत होते आणि २०११ पर्यंत ते हजारी दोनवर आले. आपल्याकडचा रुग्ण पुष्कळदा उशिरा येतो, त्याची साखर वाढलेली असते, हिमोग्लोबिन कमी असते. म्हणून हा आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण ‘टेबलावरून कुणी उठत नाही’ या समजुतीपासून तो फार दूर आहे.

ज्यांना अजूनही पटत नाही त्यांना २००० सालच्या ऑक्टोबरची आठवण करून द्यावी. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा केला. न्यूयॉर्कच्या ज्या रुग्णालयात आजच्या कृत्रिम गुडघ्याची मूळ रचना १९७० च्या दशकात तयार झाली, त्या कामात राणावत यांचा वाटा होता. उजवा गुडघा झाला २००१ च्या जूनमध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी. देशातल्या पुष्कळ घरांत हे ऑपरेशन तेव्हा पहिल्यांदा ऐकले गेले. त्या बातमीतली एक गोष्ट मात्र विसरली गेली: देशातली उत्तम वैद्यकीय सोय हाताशी असूनही दोन्ही गुडघे एकदम केले नव्हते. आपल्याकडे ‘एकदाच भूल, एकदाच खर्च’ म्हणून दोन्ही एकाच दिवशी करून घेण्याकडे कल असतो. तरुण वय, चांगले हृदय आणि अनुभवी पथक असेल तर ते चालतेही. पण रक्त जास्त जाते, फुप्फुसात गुठळी जाण्याचा धोका वाढतो, आणि टेकायला एकही धड पाय उरत नाही. हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या रुग्णाने केवळ पैसे वाचतात म्हणून ही घाई करू नये.

भीती घालवायची तर सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून व्याख्यान द्यावे, असे सोपे उत्तर सुचते. ते फारसे उपयोगी नाही. कॉक्रेन या संशोधन-समीक्षा करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये खुब्याच्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपूर्वीच्या शिकवणीवरचे १८ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या देखभालीपेक्षा सरसकट शिकवणीने चिंता, दुखणे किंवा हालचाल यांत ठोस फरक पडतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र ज्यांना नैराश्य आहे, जास्त चिंता आहे किंवा ज्यांच्या अपेक्षा अवास्तव आहेत, अशांना त्यांच्या गरजेनुसार दिलेल्या माहितीचा फायदा होऊ शकतो, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे काम व्याख्यानाचे नाही, विचारपूस करण्याचे आहे. कोण घाबरले आहे आणि नेमके कशाला, हे आधी कळले पाहिजे.

आणि ही विचारपूस कशी करायची हे नगर जिल्ह्याला दुसऱ्या कुणाकडून शिकण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग याबद्दलची पिढ्यान्‌पिढ्यांची भीती पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरने नव्हे, तर ओळखीच्या या बायकांनी ओट्यावर बसून घालवली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेड बघायला येऊ लागले. त्याच जिल्ह्यात आज गुडघ्याच्या रुग्णाला घरी सोडताना एक छापील कागद हातात मिळतो, तोही पुष्कळदा इंग्रजीत. हा विरोधाभास खटकायला हवा. शेजारणीच्या गोष्टीवर उतारा दुसऱ्या शेजारणीचाच लागतो. वर्षभरापूर्वी ऑपरेशन झालेली, त्याच तालुक्यातली, चालत येऊन समोर बसणारी बाई जे सांगेल ते कुठलाही सर्जन सांगू शकत नाही. तिला रुग्णालयाने महिन्यातून एकदा एसटीचे भाडे आणि चहा देऊन बोलवावे. खर्च नगण्य आहे.

ऑपरेशनआधीचे तीन-चार आठवडे हातात असतात, ते वाया जातात. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरणे, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल मांडीच्या जोराने दाबणे, हाताचा आधार कमी करत खुर्चीतून उठणे, एवढे रोज केले तरी पुढचे सोपे जाते. वॉकर आधीच घरी आणून अंगणात चालून पाहावे. उंच कमोड किंवा कमोडची खुर्ची आधी बसवून घ्यावी, कारण ‘संडासला कसे जायचे’ ही भीती बायका शेवटपर्यंत बोलत नाहीत आणि तीच सर्वांत मोठी असते. मिशरी बंद करावी. डॉक्टर ‘तंबाखू खाता का’ विचारतात आणि आजी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण मिशरी ही खाण्यात धरलीच जात नाही. जखम भरायला आडवे येणारे निकोटिन मात्र तिच्यातूनही जाते. सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्या घेत असाल तर त्याही डॉक्टरांना दाखवाव्यात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते; ते अचानक थांबवणे धोक्याचे असते आणि चालू ठेवले तर जंतुसंसर्गाला वाट मिळते.

ऑपरेशन झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. घरच्यांना ते निर्दयपणाचे वाटते. पण उभे राहिल्याने नव्या गुडघ्याला काही होत नाही. पडून राहिल्याने पोटरीत गुठळी होते. दुसरी चूक मायेपोटी होते. दुखू नये म्हणून सून गुडघ्याखाली उशी ठेवते. आराम वाटतो, आणि पाय किंचित वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. सगळ्यांचे लक्ष गुडघा किती वाकतो याकडे असते, पण तो पूर्ण सरळ होणे पहिल्या आठवड्यांत तितकेच महत्त्वाचे आहे, किंबहुना जास्त. सरळ न होणारा पाय आयुष्यभर लंगडवतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेकांना पश्चात्ताप होतो. टाके निघालेले असतात, भेटायला येणारे थांबलेले असतात, रात्री झोप नसते, पायाला कुशी सापडत नाही. ‘कशाला या भानगडीत पडलो’ हे वाक्य या दिवसांत घरोघरी ऐकू येते, आणि शेजारणीची ती गोष्ट बहुधा याच दिवसांत जन्माला येते. हे आधी सांगून ठेवले तर माणूस तग धरतो. सूज आणि कढत लागणे काही महिने राहू शकते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, चालताना कट-कट आवाज येतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरायचे ते वेगळ्या गोष्टींना: पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा धाप लागली, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले. धाप लागली किंवा छातीत दुखले तर वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. जखम पाझरत असेल तर गावातल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेऊन बघू, हा विचार करू नये. अर्धवट औषधाने आतला संसर्ग झाकला जातो आणि खरा उपचार उशिरा होतो. ज्याने ऑपरेशन केले त्यालाच आधी दाखवावे. तेल लावून मालिश तर नकोच.

अपेक्षांबद्दलही खरे बोलावे लागते. कृत्रिम गुडघे दीर्घकाळ टिकतात. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षांनंतरही शाबूत असल्याचा अंदाज होता. पण साधारण पाचांतल्या एकाला ऑपरेशननंतरही बऱ्यापैकी दुखणे राहते किंवा समाधान होत नाही, हेही तितकेच खरे आहे. जाहिरातीतल्या डोंगर चढणाऱ्या आजोबांशेजारी हा पाचवा माणूस कधी दिसत नाही. खुरपायला उकिडवे बसणे, पंगतीत मांडी घालणे, ही कामे बहुतेकांना पूर्वीसारखी जमत नाहीत किंवा करू नयेत. शेतातल्या बाईला हे आधी सांगणे म्हणजे तिच्या रोजगाराबद्दल बोलणे आहे. ते न सांगता घेतलेली सही ही संमती म्हणवत नाही.

राहता राहिला पैसा. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले. त्याआधी तो दीड लाखाच्या पुढे जात होता. पण ही मर्यादा धातूवर आहे, एकूण बिलावर नाही, आणि घरी गेल्यावरच्या फिजिओथेरपीवर तर कुणाचेच लक्ष नाही. सरकारी योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या अटीवर, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्यापूर्वीच विचारावे. पॅकेज ठरवताना आणखी एक प्रश्न विचारावा: ‘घरी गेल्यावर सहा आठवडे व्यायाम कोण बघणार?’ कर्जत-जामखेडच्या टोकाला राहणारा रुग्ण व्यायामासाठी रोज नगरला येऊ शकत नाही, हे पॅकेज करणाऱ्यांना ठाऊक असते. निदान तालुक्याच्या गावी ओळखीचा फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोन व्हिडिओ कॉल आणि आशाताईला शिकवलेले चार व्यायाम एवढे तरी त्याच पैशांत यायला हवे. सहा ते बारा आठवड्यांच्या आत आखडलेला गुडघा भूल देऊन मोकळा करता येतो. त्यानंतर ते कठीण होत जाते. म्हणून सहाव्या आठवड्याची फेरतपासणी पेरणी-काढणी काहीही असो, चुकवू नये.

त्या तपासणीला नगर जिल्ह्यातले रुग्ण हमखास एक प्रश्न विचारतात. निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीला जाते, तेव्हा वारीला जाता येईल का? पहिल्या वर्षी नको, असेच उत्तर बहुधा मिळते. दुसऱ्या वर्षी तब्येत बघून, टप्प्याटप्प्याने आणि मधूनमधून गाडीत बसून. पालखी गावात येईल तेव्हा वेशीपर्यंत चालत जायला मात्र तीन-चार महिन्यांनी बहुतेकांना हरकत नसते.