तीन हजारांत कमोड खुर्ची बसते, मग चप्पल का बसत नाही?

राजेहो, आमच्या गल्लीतली एक मावशी संधिवातानं बेजार आहे. पायाची बोटं वाकडी झाली, पाऊल टेकलं की तळव्याखाली गोटी ठेवल्यासारखं टोचते म्हणते. कधीकाळी शेगावला पायी जायची, आता दळण आणणं होत नाही. अन् पायात काय? पोराची जुनी स्लीपर, तुटलेल्या पट्ट्याला सेफ्टी पिन.

2024 मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय 65, उत्पन्न 2 लाखांच्या आत, खात्यात एकदाच 3000 रुपये. यादी वाचा: चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड स्टिक, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, लंबर बेल्ट, सर्वाइकल कॉलर. पादत्राणाचं नाव नाही! शेवटी 'इ.' आहे म्हणे. त्या 'इ.'च्या भरवशावर कोणती म्हातारी चपलेचं बिल घेऊन फिरणार? आणि आमवात तर चाळिशीतच बाईला धरतो. तिनं काय 65 ची वाट पाहायची?

सरकारला हे समजत नाही असंही नाही. कुष्ठरुग्णांना एमसीआर चप्पल फुकट मिळते. मऊ रबराचा तळ, सैल-घट्ट होणारे पट्टे, बधिर पायाला जखम होऊ नये म्हणून. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रणा आहे. बधिर पायासाठी जमतं ते दुखऱ्या पायासाठी का जमू नये?

यात रॉकेट सायन्स नाही. पुढून रुंद, टाचेला घट्ट आधार, बोटांच्या सांध्यांच्या थोडं मागे एक उंचवटा, अंगठा आखडला असेल तर कडक, पुढून गोलाई दिलेला तळ. (गुडघ्याच्या झिजेवर मात्र जाहिरातीतल्या तिरप्या इनसोलला भुलू नका, त्यांचा फायदा फारसा दिसलेला नाही.) शिबिरात काठ्या वाटतात, फोटो निघतात, पण काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची हे कोणी सांगत नाही.

बनवणार कोण म्हणता? चिखली, मेहकर, खामगावच्या रस्त्यावर बसलेले चर्मकार बांधव! जयपूर फूट डॉक्टर सेठींच्या जोडीनं रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराच्या हातातून घडला. आपल्याकडं तर संत रोहिदासांच्या नावाचं चर्मोद्योग महामंडळ आहे. पायाचं माप घेणारा एक ऑर्थोटिस्ट अन् त्याच्या हाताखाली शिकलेले चार कारागीर, एवढंच लागते.

बुलढाण्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं हा विभाग उघडा, आणि योजनेच्या यादीत 'वैद्यकीय पादत्राणे' हे दोन शब्द टाका. आमदार-खासदार गावात आले की सत्कार नंतर करा, आधी हे विचारा. ग्रामसभेत ठराव घेणार असाल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, मसुदा मी लिहून देतो.