बक्षीस समारंभ आणि उसाचा हंगाम

१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनातील जोतीराव फुले यांची सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनातील एक छोटी सूचना मात्र सहसा कोणी सांगत नाही. गरिबांच्या मुलांनी शाळेत यावे व टिकावे म्हणून शिष्यवृत्त्यांबरोबर सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत, असे त्यांनी सुचवले होते. म्हणजे बक्षीस हा तेव्हा शाळेच्या शोभेचा भाग नव्हता. शाळा परकी वाटणाऱ्या मुलाला ती आपली वाटावी, यासाठीचा तो उपाय होता.

नगरशी जोतीरावांचे नाते जुने. तिथली फरारबाईंची मुलींची शाळा पाहून त्यांना स्वतःच्या शाळेची प्रेरणा मिळाली. त्याच जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये, बक्षीस समारंभ आज कोणाच्या वाट्याला येतो?

पाथर्डी-शेवगाव भागातील ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. अनेक मुलेही आईवडिलांबरोबर कोपीवर राहायला जातात. क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, बक्षिसे हे सारे बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. नेमकी तेव्हाच ही मुले उसाच्या फडात असतात. (सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ याच जिल्ह्यात, लोणीला, रोवली गेली, हा योगायोग सुखद नाही.) साखरशाळा व हंगामी वसतिगृहे निघाली, पण त्यांचा भर हजेरी आणि अक्षरओळख यांवरच राहिला.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगण, ग्रंथालय व खेळसाहित्य प्रत्येक शाळेसाठी आहे. मात्र कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक केवळ सहावी ते आठवीसाठी, तेही पट १०० च्या वर असेल तरच. दोनशिक्षकी प्राथमिक शाळेतील मुलांसाठी यातला एकही नाही.

निदेशक नेमायला पैसा लागतो. वेळापत्रक बदलायला लागत नाही. नवरात्रात मोहटादेवीची यात्रा भरते, तेव्हा पाथर्डीतील ही कुटुंबे बहुधा गावीच असतात. स्पर्धा आणि संमेलन त्याआधी घ्यावे. पावसाची हरकत पर्जन्यछायेतील या तालुक्यांत फारशी टिकत नाही. फार तर एखादा दिवस पुढे ढकलावा लागेल. केंद्र व तालुका पातळीवरील स्पर्धांच्या तारखा मात्र एकट्या शाळेच्या हाती नसतात. तो निर्णय जिल्हा परिषदेनेच, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी, घ्यायला हवा.