सही तुमची, जबाबदारीही तुमचीच

मे महिन्यात युरोपला जायचं असेल, तर दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच कागद जमवायला लागावं. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या २९ देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात. काही शंका आली, जास्तीचे कागद मागवले, तर ४५ दिवसही लागू शकतात. त्यातून सुट्टीच्या तोंडावर मुंबई-पुण्याच्या अर्ज केंद्रांत गर्दी उसळते आणि हवी ती तारीख मिळत नाही. आपल्याकडे मात्र क्रम उलटा असतो. आधी विमानाची तिकिटं काढली जातात, मग नातेवाइकांना बातमी जाते आणि शेवटी कुणाला तरी व्हिसाची आठवण होते. धावपळीत एजंट गाठला जातो. पासपोर्ट, बँकेचे कागद, फोटो सगळं त्याच्या हवाली होतं आणि तो बोट ठेवेल तिथे आपण सही करून मोकळे होतो.

हे आवाहन त्या सहीबद्दल आहे. एजंटची मदत जरूर घ्या. तो तारीख मिळवून देईल, फॉर्म टाइप करेल, कागद क्रमाने लावून देईल. पण अर्जात लिहिलेल्या प्रत्येक शब्दाचा जाब तुम्हालाच विचारला जातो. म्हणून फॉर्म वाचल्याशिवाय, आणि समजला नसेल तर कुणाकडून तरी मराठीत समजून घेतल्याशिवाय, सही करू नका.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘व्हीएफएस’सारख्या कंपन्यांची अर्ज केंद्रं कागद घेतात, बोटांचे ठसे घेतात, फी घेतात आणि पासपोर्ट परत देतात. व्हिसा द्यायचा की नाही, हे त्या त्या देशाचा वकिलातीतला अधिकारी ठरवतो. केंद्रातल्या माणसाला त्यात काही अधिकार नाही आणि बाहेरच्या एजंटला तर मुळीच नाही. त्यामुळे ‘गॅरंटीने व्हिसा करून देतो’ असं जो सांगतो, तो त्याच्या हातात नसलेली गोष्ट तुम्हाला विकतोय. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, आणि ६ वर्षांखालच्या मुलांना ती नसते. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला गेला तरी ही फी परत मिळत नाही.

आता अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते पाहू. शेंगेन गटात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही या गटात आहेत. आयर्लंड संघात असूनही गटाबाहेर आहे आणि ब्रिटनचा व्हिसा तर पूर्ण स्वतंत्र आहे. जिथे सर्वाधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. पॅरिसला ३ रात्री, स्वित्झर्लंडला ४, इटलीत ३ असा बेत असेल, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार, त्या देशाकडे. ‘अमक्या देशाची तारीख लवकर मिळते, कागदावर तिथले दिवस वाढवून दाखवू’ असा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. दाखवलेला बेत आणि खरा प्रवास यांत फरक दिसला, तर सीमेवर उत्तर देताना एजंट शेजारी नसतो.

पासपोर्ट उघडून आजच दोन गोष्टी बघा. तुम्ही युरोपातून निघाल त्या दिवसानंतर तो किमान ३ महिने वैध असला पाहिजे (आशियातल्या बऱ्याच देशांत ६ महिने लागतात) आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मग नावाकडे वळा, कारण मराठी घरांत घोळ इथेच होतो. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते पासपोर्टात कधी पहिल्या नावाला जोडून येतं, कधी येतच नाही. लग्नानंतर आधार कार्डावर सासरचं नाव लागतं, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाने असतो. अर्ज, तिकीट, विमा या सगळ्यांवर नाव पासपोर्टात छापलंय तसंच हवं. इतर कागदांवर वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. काही जणांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच असतो. अशा एकेरी नावाच्या पासपोर्टबाबत संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम कडक केले. दुबईला जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधीच ही बाब तपासावी.

सगळ्यात जास्त धास्ती असते ती बँक स्टेटमेंटची. ‘खात्यात किती लाख दाखवायचे?’ हा प्रश्न जो तो विचारतो. अधिकारी शेवटची रक्कम बघतोच, पण तो महिन्यांमागून महिने पैसा कसा आला आणि कसा गेला तेही बघतो. खात्यात वर्षभर वीस-पंचवीस हजार रुपये आणि अर्जाच्या आठवड्यात एकदम ६ लाख जमा, असं दिसलं की तो पैसा उसना आहे असाच समज होतो. मोठी रक्कम खरोखरच आली असेल, म्हणजे मुदत ठेव मोडली, जमीन विकली, निवृत्तीचे पैसे मिळाले, तर त्याचा कागद सोबत लावा आणि दोन ओळींत कारण लिहा.

उत्पन्नाचा पुरावा ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे असतो. नोकरदाराने पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि रजा मंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र द्यावं. दुकानदाराने गुमास्ता परवाना, जीएसटीचे भरणे आणि आयकर रिटर्न द्यावेत. पेन्शनरांनी पेन्शनचा आदेश आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट जोडावं. शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे रिटर्नच नसतात. पण त्यामुळे अर्ज अडत नाही. सातबारा, आठ-अ, साखर कारखान्याची ऊसबिलं, आडत्याच्या पट्ट्या, दूध संघाची बिलं यांतून वर्षाचं चित्र उभं करता येतं. मात्र हे कागद मराठीत असतात. त्यांचं इंग्रजी भाषांतर करून जोडा, नाहीतर अधिकाऱ्याला ते असून नसल्यासारखेच. मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल आणि खर्च तेच करणार असतील, तर तसं स्पष्ट लिहा. त्यांचं निमंत्रण, राहण्याचा परवाना आणि पगाराचा पुरावा लावा.

या सगळ्या कागदांमागे अधिकाऱ्याला दोनच प्रश्न पडलेले असतात. हा माणूस सांगतोय त्याच कामासाठी येतोय का, आणि मुदतीत परत जाईल का? प्रत्येक कागद यांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते स्वतःला विचारा. म्हणूनच एक पानाचं साधं पत्र स्वतःच्या शब्दांत लिहा. कोण जातंय, कुठे, किती दिवस, खर्च कोण करतंय आणि इथे परत का यायचंय, एवढं पुरे. एजंटकडचं छापील पत्र वापरू नका. तेच पत्र शंभर जणांच्या फाइलींत असतं.

आणि खोटा कागद कितीही लहान असला तरी लावू नका. बनावट हॉटेल बुकिंग, खोट्या नंबरचं तिकीट, ओळखीच्या माणसाच्या कंपनीचं नोकरीपत्र, यांतलं काहीही पडताळणीत सापडू शकतं. त्यापेक्षा रद्द करता येणारं खरं बुकिंग करा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर ब्रिटन १० वर्षांपर्यंत दार बंद करू शकतं आणि अमेरिकेत तर कायमची बंदी येऊ शकते. कागद एजंटने लावला होता, हे कारण फारसं चालत नाही. पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला असेल तर तेही लपवू नका. फॉर्ममध्ये तो प्रश्न असतो आणि अधिकाऱ्यांच्या नोंदींत उत्तरही असतं.

शेंगेनसाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाला लागू असणारा हवा. घरात रक्तदाब, मधुमेह असेल तर जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय तेही वाचा. व्हिसापुरता विमा आणि उपयोगी पडणारा विमा यांत पुष्कळ अंतर असतं. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांची सही लागते. तो एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र तयार ठेवा.

व्हिसा मिळाला की लोक स्टिकरचा फोटो काढतात, पण तो वाचत नाहीत. स्टिकरवर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. तारखांमध्ये महिन्याचं अंतर असलं आणि दिवस १२ लिहिले असले, तर राहायचं १२ दिवसच. किती वेळा प्रवेश करता येईल, तेही तिथेच असतं. एकदाच प्रवेश असेल आणि तुम्ही पॅरिसहून लंडनला गेलात, तर त्या व्हिसावर परत रोमला येता येणार नाही. मुक्कामाची कमाल मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. नातवंडासाठी जर्मनीला ९० दिवस राहून आलेल्या आजीला पंधरवड्याने पुन्हा जाता येत नाही, व्हिसाची तारीख शिल्लक असली तरी. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर येण्याजाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शिक्का पुसट होता, ही सबब आता विसरा.

व्हिसाची मुदत म्हणजेच मुक्कामाची मुदत, असा समज अमेरिकेबद्दलही आहे. टुरिस्ट व्हिसा बऱ्याचदा १० वर्षांचा मिळतो, पण एका खेपेत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. तिथे पोचल्यावर ती नोंद ऑनलाइन बघा. ई-व्हिसा देणाऱ्या देशांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्त पैसे घेतात, कधी नुसतेच पैसे घेतात. पत्ता नेहमी त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाच्या संकेतस्थळावरून घ्या.

तरुणांना आणि त्यांच्या आई-वडिलांना हात जोडून सांगणं आहे, की टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते. ‘आधी टुरिस्ट म्हणून जा, तिथे गेल्यावर बदलून देतो’ असं सांगून आपल्या मुलांना थायलंडमार्गे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं गेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून ५००हून अधिक भारतीयांना तिथून परत आणावं लागलं. नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं. पैसे देण्याआधी पाहा.

एवढं करूनही व्हिसा नाकारला गेला, तर लाज वाटून घेऊ नका आणि दुसऱ्याच दिवशी तीच फाइल पुन्हा भरू नका. शेंगेनच्या नकारपत्रात कारणांपुढे खूण केलेली असते. प्रवासाचा हेतू पटला नाही, की परत येण्याबद्दल शंका आहे, ते त्यातून कळतं. दाद मागायची सोयही असते. त्या कारणाचं उत्तर देणारा नवा कागद हाती असेल तरच पुन्हा अर्ज करा.

शेवटी, घरातल्या शिकल्या-सवरल्या मुलांनो, आई-बाबांचा फॉर्म बहुधा तुम्हीच भराल, तोही रात्री उशिरा, घाईघाईत. सहीसाठी कागद पुढे करण्याआधी अर्धा तास काढा आणि त्यातला प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर त्यांना मराठीत वाचून दाखवा. कुठे जाणार, कोण नेणार, पैसे कुणाचे, परत कधी, हे केंद्रावर किंवा विमानतळावर त्यांनाच विचारलं जाणार आहे, आणि त्या वेळी तुमचा फोन लागेलच असं नाही.