हो, पैसे वाचवायलाच!

गाडीचा सुपरचार्जर उघडला, त्याचा झिजलेला ड्राइव्ह घरी नव्याने बांधला, असं सांगितलं की पनवेलमधला सुशिक्षित माणूस आवाज खाली आणून विचारतो, ‘पैसे वाचवायला?’ जणू मी विरुपाक्षाच्या देवळातली दानपेटी फोडली. हो, पैसे वाचवायलाच. आत्मशोधासाठी कुणी बेअरिंग काढत नाही. ‘हातांनी काम करण्यातला आनंद’ वगैरे रविवारच्या पुरवण्यांना लखलाभ असो. माझ्यापुढे वर्कशॉपचं कोटेशन होतं, आकडा दोन लाखांच्या पुढचा होता आणि ज्या तुकड्यापायी तो आला होता तो तळहातावर मावत होता.

ज्यांच्या बॉनेटखाली ही भानगड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. टर्बो धुरावर फिरतो, हा पट्ट्यावर. क्रँकच्या पुलीवरून पट्टा येतो, सुपरचार्जरच्या नाकावरची पुली फिरवतो आणि आतले दोन पीळदार रोटर एकमेकांना न शिवता हवा पुढे ढकलतात. कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या इंडियानामध्ये रूट्स बंधूंनी १८६० साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने असा पंप बसवलेल्या गाड्या मांडल्या. आपल्याकडे पुण्यात जोडणी झालेल्या ‘कॉम्प्रेसर’ नावाच्या सी-क्लास, आउडीच्या तीन लिटरच्या पेट्रोल गाड्या आणि टाटांनी २००८ साली विकत घेतलेल्या जॅग्वार-लँड रोव्हरच्या काही गाड्या, असल्यांच्या पोटात तो सापडतो. असलीच एक सेकंडहँड गाडी माझ्याकडे आहे, नव्या वॅगनआरच्या पैशांत घेतलेली. कुठली ते सांगणार नाही. वाचवलेले पैसे वकिलाला द्यायची हौस नाही.

तर गाडी आयडलला असताना खडखडायची. हजार-बाराशे आरपीएमच्या वर गेली की आवाज गायब. हे दुखणं कशाचं ते समजायला जर्मनीला जावं लागत नाही. पुलीचा शाफ्ट आणि रोटरचे गिअर यांच्यामध्ये एक कपलिंग असतं. इंजिनाचे धक्के थेट गिअरच्या दातांवर बसू नयेत म्हणून ते मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, आणि मऊ असतं म्हणून झिजतं. पिनांची गोल भोकं लांबट होतात, पिना त्यांत हलायला लागतात, की खडखड सुरू. ही रचना शहाणपणाची आहे. महाग गिअर वाचवायला स्वस्त तुकडा बळी दिलाय. प्रश्न इतकाच, की बळी द्यायला ठेवलेला तुकडा विकायला का ठेवलेला नाही?

वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरकडे याचं उत्तर पाठ होतं. ‘सर, तो पार्ट वेगळा येत नाही. पूर्ण युनिट बदलावं लागेल.’ मी म्हटलं, रोटर ठीक, गिअर ठीक, केसिंग ठीक, मग ते सगळं का फेकायचं? तर म्हणे, ‘सर, सेफ्टीचा प्रश्न आहे.’ सेफ्टी! कपलिंग पार तुटलं तर गाडी बोरघाट कण्हत चढेल. ब्रेक जाणार नाहीत, स्टिअरिंग सुटणार नाही. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागल्यावर डावीकडून-उजवीकडून कसेही घुसणारे कंटेनर चालतात, तिथे सेफ्टीचा प्रश्न पडत नाही. तो पडतो कोटेशनच्या तळाशी, सहीच्या जागेच्या जरा वर.

आणि माणूस सही करतो. राग मला वर्कशॉपचा कमी आणि या सहीचा जास्त येतो.

कारण पनवेलकराला ‘हे दुरुस्त होत नाही’ असं सांगणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ सोलता येत नाही असं पटवणं. तळोजा एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे. तिथे, आणि तिथेच कशाला, खारघर-कामोठ्याच्या मोठ्या सोसायट्यांच्या एसटीपीतसुद्धा, सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडायला ट्विन लोब ब्लोअर लागतात. ते उघडून बघा. दोन रोटर, त्यांना एकमेकांपासून दूर राखणारे टायमिंग गिअर, बेअरिंगं, ऑइल सील, एका टोकाला पुली किंवा कपलिंग. रूट्स बंधूंचंच यंत्र. हे ब्लोअर दिवसरात्र चालतात, झिजतात, आवाज मारायला लागतात. तेव्हा प्लँटचा मॅनेजर नवा ब्लोअर मागवत नाही. फिटरला बोलावतो. फिटर फीलर गेज घालून रोटरमधली फट मोजतो, बेअरिंग-सील बदलतो, लव्हजॉय कपलिंगचा रबरी स्पायडर विरघळला असेल तर नवा टाकतो आणि संध्याकाळपर्यंत टाकीत पुन्हा बुडबुडे सुरू होतात. स्पायडर बदलायला कपलिंग बदला, कपलिंग बदलायला ब्लोअर बदला, असं कुणी सुचवलं तर परचेसवाला त्याला गेटबाहेर काढेल.

असल्याच एका जुन्या फिटरपुढे मी सुपरचार्जरचं नाक नेऊन ठेवलं. त्यांनी पुली बोटाने फिरवली, जरा खालीवर हलवली, कान लावला. ‘साहेब, हा आमचाच ब्लोअर. बारका हाय, आन् महाग.’ सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या गुळगुळीत अंदाजपत्रकापेक्षा या वाक्यात माहिती जास्त होती.

काम कसं झालं तेही सांगतो, कारण ‘घरी दुरुस्त केलं’ म्हटलं की लोकांना हातोडा दिसतो. घरी म्हणजे सगळं पार्किंगमध्येच, असं नाही. पट्टा काढणं, युनिट उतरवणं, नाक सोडवणं, जुनं तेल काढणं हे घरी. आतलं तेल काळंकुट्ट आणि जळका वास मारणारं निघालं, म्हणजे ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ ही जाहिरात कुणाच्या आयुष्याबद्दल होती ते कळलं. पुली शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते. ती पुलरने निघते, ठोकून नाही. बेअरिंगसाठी तळोज्याची प्रेस. बेअरिंग केसिंगमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा, शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर. गोळ्यांमधून जोर गेला की नवं बेअरिंग बसायच्या आधीच मेलं. आकार शोधायला कंपनीच्या पाया पडावं लागत नाही, बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो नंबर घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जायचं आणि पक्कं बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायचं, कारण डुप्लिकेट बेअरिंगचा खोका अस्सलपेक्षा सुबक असतो. कपलिंग बाहेरच्या एका कारखान्याने बनवलेलं मागवलं. वेगळा न येणारा पार्ट वेगळा आला, पुठ्ठ्याच्या खोक्यात. तेल सुपरचार्जरचं वेगळं येतं, तेच, आणि मापातच. गिअरच्या खणाला लागतं ते फुलपात्रभर. सगळं मिळून, प्रेसच्या मजुरीसह, खर्च हजारांत राहिला. लाख हा शब्द आला नाही.

आता दुसऱ्या टोळीकडे वळतो. ‘अरे, आपल्याकडे काय, सगळं होतं’ म्हणत छिन्नी घेऊन बसणारे जुगाडवीर. हे पुली ठोकून काढतात आणि शाफ्ट वाकवतात. गॅसच्या ज्योतीने केसिंग तापवताना सील वितळवतात. गिअरच्या खणात इंजिन ऑइल ओततात, ‘तेल ते तेल’ म्हणून. कपलिंगच्या जागी लेथवर लोखंडी तुकडा कातून बसवतात आणि ‘आता आयुष्यभर बघायला नको’ म्हणतात. खरंच बघायला नको. जे धक्के कपलिंग खायचं ते आता बेअरिंग आणि गिअर खातात. आणि सगळ्यात थोर ते, जे उत्साहाच्या भरात टायमिंग गिअर ओढून काढतात. रोटरमधली फट मिलिमीटरच्या बारीक अंशांत असते आणि ते रोटर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेऊ शकतात. गिअर जरा चुकीचा बसला की रोटर एकमेकांना खातात आणि अ‍ॅल्युमिनियमचा भुगा इंजिनात जातो. मला गिअरला हात लावायची गरज नव्हती, म्हणून लावला नाही. कुठे थांबायचं हे माहीत नसलेल्या माणसाची दुरुस्ती हीच वर्कशॉपची सर्वांत चांगली जाहिरात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर असल्या दोन किश्शांवर वर्षभर युनिटं विकतो.

पण जुगाडवीर तरी जन्माला का येतो? सुटा भाग, मोजमापं आणि मॅन्युअल कुलपात ठेवली की माणूस अंदाजाने काम करणारच. हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी ६५ लाखांचा दंड ठोठावला, तो याचसाठी: सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजाराला, स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. यादीत देशी-विदेशी थोर घराणी होती. मग अपिलं झाली, याचिका झाल्या, आणि आज इतक्या वर्षांनी मला काउंटरवर ऐकू आलं काय? ‘वेगळा येत नाही.’

जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल निघालं. पोर्टल! तिथे बहुतांशी कंपन्यांच्याच सर्व्हिस सेंटरची माहिती आणि कंपन्यांच्याच अटी वाचायला मिळतात. म्हणजे चोरीची तक्रार द्यायला गेलात तर चोराचा पत्ता आणि भेटीची वेळ. कायदा नाही. उलट १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीचं पुन्हा नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं. गाडी टिकवणाऱ्याला दंड, फेकणाऱ्याला स्क्रॅपचं प्रमाणपत्र आणि सवलत. प्रदूषणाचं कारण मी ऐकलेलं आहे. अख्खा सुपरचार्जर भंगारात घालून नवा जहाजाने आणायला किती धूर लागतो, ते मात्र कुणी मोजत नाही.

सोसायटीचं तर विचारू नका. ‘पार्किंगमध्ये वाहन दुरुस्ती करू नये’ अशी नोटीस लागली. खाली पसरलेल्या ताडपत्रीवर तेलाचा थेंब नव्हता, पण सोसायटीचा ‘लूक’ बिघडत होता. याच पार्किंगमध्ये खंडेनवमीला स्पॅनर-स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून हळद-कुंकू वाहतात आणि फोटो काढतात. पूजा झाली की अवजारं पुढच्या खंडेनवमीपर्यंत पिशवीत. बेळगावात सायकली विकत आणि दुरुस्त करत उभे राहिलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यावर भाषणं आम्हाला हवीत. हात काळे झालेला शेजारी लिफ्टमध्ये मात्र नको.

गाडीचा आवाज बंद झाल्यावर, म्हणजे नोटीस लागून महिनाही झाला नसेल, सोसायटीतलेच एक गृहस्थ दबकत आले. त्यांच्याही गाडीला तसलीच खडखड, त्यांच्याही हातात तसलंच कोटेशन, माझ्यापेक्षा मोठ्या आकड्याचं. पूर्वी असंच एक अख्खं युनिट त्यांनी एका फोनवर ‘करून टाका’ म्हणून बदललेलं, जुनं परत मागितलंसुद्धा नव्हतं. मी त्यांना कपलिंग दाखवलं, हिशेब सांगितला, तळोज्याच्या फिटरची मजुरी सांगितली.

गृहस्थ विचारात पडले. मग म्हणाले, ‘मजुरी जरा जास्तच घेतो नाही का? बोलून बघा ना, दोन-तीनशे कमी करेल.’

फिटरचा नंबर मी त्यांना दिला नाही.